उंबऱ्यावरची कळशी

माझी धाकटी बहीण अमेरिकेत आमदार आहे. तिथे त्या पदाला काही वेगळं नाव आहे, पण परभणीतल्या आमच्या नातेवाइकांनी तिला आमदार करून टाकलं आणि तेच चिकटलं. तिथल्या एका राज्याच्या विधानसभेत ती बसते आणि दर दोन वर्षांनी तिला लोकांच्या दारात जाऊन पुन्हा मतं मागावी लागतात. मामांना वाटतं, तिच्या गाडीच्या मागेपुढे पोलीस असतात. ती गाडी स्वतः चालवते, दुपारी डब्यातली पोळीभाजी खाते, आणि पगार म्हणाल तर इथे कुवेतमध्ये माझ्या नवऱ्याचा तिच्यापेक्षा जास्त आहे. ही शेवटची माहिती मी नातेवाइकांना आठवणीनं देते.

आम्ही मंगफला राहतो. नवरा मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत इंजिनियर, मी एका कंपनीत अकाउंटंट. कितीही वर्षं काढली तरी अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आहे तोवर आपण इथले. मत द्यायचा प्रश्नच येत नाही, आणि परभणीच्या मतदारयादीतून आमची नावं केव्हाच उडाली. इमारतीची लिफ्ट बंद पडली की हारिसला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, सांगायचं, त्यानं "बुकरा, इन्शाल्ला" म्हणायचं, म्हणजे उद्या, आणि आपण जिना चढायचा. माझं राजकारण म्हणजे इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं यावरची भांडणं. त्यातही मी हरते.

बहीण लग्न होऊन गेली तेव्हा तिला धड इंग्रजी बोलता येत नव्हतं. माझं इंग्रजी चांगलं होतं, हे लिहून ठेवते. तिच्या मुलाच्या शाळेत नळाला गढूळ पाणी यायचं, म्हणून ती पालकांच्या बैठकांना जायला लागली. मग शाळेच्या समितीवर निवडून आली, मग थेट राज्याच्या निवडणुकीला उभी राहिली. बर्फातून घरोघरी फिरली, लोकांची कुत्री अंगावर घेतली, आणि निवडणुकीत पडली. त्या दिवशी आमच्याकडे श्रीखंड होतं. योगायोगानं. पुढच्या खेपेला ती पुन्हा उभी राहिली आणि थोडक्या मतांनी आली.

तिचा शपथविधी आम्ही मंगफच्या घरात टीव्हीवर पाहिला. आई तेव्हा व्हिजिटवर माझ्याकडे आली होती. मंडळातल्या चार-पाच बायकांना मी हौसेनं बोलावलं, वडे तळले. पडद्यावर बहीण मोरपंखी पैठणीत हात वर करून उभी राहिली तेव्हा मलाही भरून आलं, नाही असं नाही. मग समारंभात ती बोलायला लागली. म्हणाली, "मी अकरा वर्षांची असताना आमच्या गल्लीत पाणी येत नव्हतं. मी रिकामी कळशी घेऊन नगरसेवकाच्या घरी गेले, त्याच्या उंबऱ्यावर ठेवली आणि तिथेच बसले. पाणी आल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. तो माझा पहिला मोर्चा." लोक उठून टाळ्या वाजवायला लागले.

ती कळशी माझी होती. सहावीत होते मी. उंबऱ्यावर मी बसले होते. नगरसेवक नाश्ता टाकून बनियनवर बाहेर आला आणि व्हॉल्व्ह सोडायला माणूस घेऊन आमच्या गल्लीत आला, तो माझ्यामुळे. ही तिसरीतली पोर माझ्या फ्रॉकची नाडी धरून मागे उभी होती, नाक पुसत.

माझ्या मुलीनं ही गोष्ट माझ्या तोंडून पन्नासदा ऐकलेली. सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "बट आई, दॅट वॉज यू, राइट?"

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी हसून म्हटलं, "अगं, दोघी होतो आम्ही." आईनं नुसता वडा चटणीत बुडवला. मला तेच जास्त लागलं. अख्ख्या आयुष्यात मी एकच सांगण्याजोगं काम केलं होतं, आणि ते उचलून ती थेट विधानसभेत जाऊन बसली होती.

त्यानंतर ती गोष्ट सगळीकडे यायला लागली. शाळांमधले शिशाचे जुने नळ बदलायचा कायदा तिनं करून घेतला, त्यासाठी म्हणे एकेका आमदाराच्या खोलीबाहेर महिनोन्महिने बसली. त्या कायद्यावरच्या भाषणातही कळशी होती. मी तिला एका शब्दानं विचारलं नाही. फोन आला की मुलांची चौकशी करायचे, आणि फोन ठेवला की नवऱ्याचं डोकं खायचे. तो बिचारा रिफायनरीतून दमून आलेला. "अगं, सांगून टाक ना तिला," म्हणायचा. मी का सांगू? तिला आठवत नाही का?

यंदा तिची निवडणूक आली तेव्हा आई पुन्हा माझ्याकडे होती. बहिणीचा फोन आला. "ताई, आईचा एक व्हिडिओ करून पाठव ना. कळशीची गोष्ट तिच्या तोंडून हवी. खाली इंग्रजी आम्ही घालू."

मी हो म्हटलं. आई खोटं बोलत नाही. आता ती काय ते स्पष्ट सांगेल, आणि बहिणीला ते ऐकावंच लागेल. मी आईला चांगली साडी नेसायला लावली, खिडकीपाशी बसवलं, मोबाइल समोर टेकवला आणि ठरवून गप्प बसले.

आईनं पदर सारखा केला. "पाणी नव्हतं आमच्या गल्लीत. तर माझी मोठी लेक कळशी घेऊन गेली आन् नगरसेवकाच्या उंबऱ्यावर बसली. धाकटी तिच्या मागं होती, फ्रॉक धरून."

मिळालं! मोबाइल बंद करायला मी हात पुढे केला, तेवढ्यात आई पुढे बोलायला लागली.

"पाणी आलं, दोन दिवस राहिलं, पुन्हा गेलं. मग मोठी काही गेली नाही. धाकटी जायची. रोज. शाळा सुटली की कळशी घेऊन जायची, बसायची. त्याची बायको हिला लाडू द्यायची आन् म्हणायची, आली बाई आमची नळवाली. वरीसभर गेली ती."

मी मोबाइल बंद केला. "हे मला कसं माहीत नाही?"

"तू क्लासला जायचीस की. स्कॉलरशिपचा होता तुझा. अन् विचारलंस कधी?"

"मग ती स्वतःची गोष्ट का सांगत नाही? माझी कामून सांगायली?" इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून परभणी बाहेर पडली.

"तुझी चांगलीय ना," आई म्हणाली. "एका दिवसात पाणी आलं. हिची कोण ऐकणार? रोज गेली, रोज गेली, एवढीच तर आहे."

दुपारभर तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. 'फ्रॉक धरून'पाशी कापला असता तर कुणाला कळलं नसतं. बोट तिथे नेऊनही ठेवलं. शेवटी अख्खा पाठवला, आणि त्यात मोठेपणा बिलकूल नव्हता. आईनं आधी मोठी लेक म्हटलं ते तिनं ऐकावं, एवढंच मला हवं होतं. ती शरमेल, फोन करेल, रडेल, असं मी चहा पिताना मनात रंगवत होते.

फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ तिनं जगजाहीर केला. तिचं रोज जाणं कापलं होतं, माझा उंबरा ठेवला होता. वर लिहिलं होतं, 'ही गोष्ट माझ्या ताईची आहे. इतकी वर्षं मी ती माझी म्हणून सांगितली. चुकलं. कसं बसायचं ते मी तिच्या मागे उभी राहून शिकले.' तिच्या सभेतही तिनं हेच सांगितलं. लोक पुन्हा उठून उभे राहिले. विरोधक खोटारडी खोटारडी म्हणत राहिला आणि ती आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून आली.

मंडळातल्या बायका मला म्हणाल्या, "किती मोठं मन आहे हो तुमच्या बहिणीचं!" मी म्हटलं, हो ना. माझी कळशी मला परत मिळाली. तिच्यावर चिडायला आता माझ्याजवळ काहीही कारण उरलेलं नाही, आणि चीड आहे तेवढीच आहे.