गोल खोलीची खिडकी

पुतणी म्हणाली, "काका, आईबद्दल तुम्हीच लिहा. तिच्या शेजारच्या टेबलावर तुम्ही होतात." मी म्हटलं, मला टाइप करता येतं, लिहिता येत नाही. ती म्हणाली, मग टाइप करा. म्हणून बसलो आहे. चुकलंमाकलं तिने सुधारून घ्यावं.

माझी वहिनी विद्यापीठाच्या दुरुस्ती विभागात होती. विद्यापीठ सरकारी, आवार लांबरुंद, इमारती निरनिराळ्या वयाच्या. रोज कुठे ना कुठे काहीतरी मोडायचंच. त्यातलं जे अचानक मोडलं, फुटलं, कोसळलं, त्याचा पहिला फोन वहिनीच्या टेबलावर यायचा. कोणाला लागलं का, हे ती सगळ्यात आधी विचारायची. मग काय झालं, कुठे झालं, अजून धोका आहे का. तेवढं समजलं की त्याच दिवशी सरकारच्या मुख्य कचेरीला कळवायची. तिथला पाहणी अधिकारी येऊन जागा बघायचा आणि मग तातडीच्या निधीतून दुरुस्ती मंजूर व्हायची. त्यामुळे सगळे तिला तातडीबाई म्हणत. घरी मात्र तिच्याइतकं निवांत माणूस नव्हतं. चहाचं आधण उकळून उकळून अर्धं व्हायचं आणि ही खिडकीशी उभी. "तातडीबाई, घर जळलं तरी अर्ज करूनच विझवाल," असं दादा म्हणायचा.

हे झालं अचानक मोडलेल्याचं. जे हळूहळू गळतं, कुजतं, झिजतं, ते वार्षिक यादीत जायचं. त्या यादीत गोल खोली कित्येक वर्षं पडून होती.

गोल खोली म्हणजे संगीत विभागाची जुनी सरावाची खोली. एकटीच उभी, झाडाखाली, चार पायऱ्या चढून जायची. भिंती गोल, वर उतरत्या कौलांचं छप्पर, खाली लाकडी जमीन. आत मधोमध उभं राहून एक ओळ म्हटली की ती ओळ भिंतीला फिरून परत तुमच्याकडे यायची, जरा गोड होऊन. वहिनी कचेरीत नवी लागली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत कर्मचाऱ्यांचं गाणं तिथे चालायचं. बाकीचे हौसेने गायचे. वहिनी गायला लागली की बाकीचे गप्प बसायचे.

मी पायरीवर डबा घेऊन ऐकत बसायचो. दादा विद्यापीठातच सुतार होता. त्याला एकदा त्या खोलीच्या खिडकीची एक काच बदलायला पाठवलं. अर्ध्या तासाचं काम. त्याने चांगले तीन दिवस लावले. रोज सुट्टीच्या वेळी त्याची काच बसवायची पुट्टी नेमकी ओली असायची, म्हणून तो तिथेच थांबायचा. तिसऱ्या दिवशी वहिनी आतून म्हणाली, "अहो सुतार, काच बसवताय की तुम्हीच बसायला आलाय?" पुढचं सगळ्यांना माहीत आहे. माझ्याकडे हत्यारांची पेटी नव्हती, एवढंच.

पुढे छप्पर गळायला लागलं. ओल भिंतीतल्या वायरींपर्यंत गेली आणि एक दिवस दिव्याच्या बटणातून ठिणगी उडाली. संगीत विभाग नव्या इमारतीत गेला, खोलीला कुलूप लागलं. "धोका आहे, आत जाऊ नये" ही पाटी वहिनीनेच लावली, कारण ते तिचं काम होतं. सुट्टीतलं गाणं बंद पडलं. नव्या इमारतीत जागा होती, पण तिथे आवाज छताला चिकटून राहायचा, परत यायचा नाही. वहिनी म्हणायची, "भावजी, तिथे गायलं की पत्र टाकल्यासारखं वाटतं. उत्तराची वाट बघत बसायचं."

दर वर्षी ती गोल खोलीचं नाव यादीत वर घालायची. दर वर्षी मुख्य कचेरीतून ते खाली सरकून यायचं. शेवटी कुलसचिवांनी सांगितलं, वर्षअखेरपर्यंत दुरुस्ती मंजूर झाली तर ठीक, नाहीतर तिथे जुन्या फायली ठेवू. त्या दिवशी वहिनी घरी येऊन खूप वेळ नुसती भांडी पुसत होती. पुसलेलीच.

आणि मग ते वादळ झालं. दुपारी सुटलं ते पार दिवेलागणीपर्यंत. फोन थांबेना. एक फोन वहिनीने घेतला आणि माझ्याकडे बघायला लागली.

"कोणी आत होतं का?" तिने विचारलं. मग, "कोणाला लागलं का?" मग फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "भावजी, गोल खोलीवर झाड पडलंय. छप्पर फुटलं."

असा आनंद मी कोणाच्या चेहऱ्यावर आपत्तीच्या बातमीने झालेला पाहिला नाही. तिलाही ते कळलं असावं, कारण तिने लगेच तोंड वळवलं. नियम असा होता की छप्पर अचानक गेलं, तर त्याखालची वायर, गिलावा, खिडक्या, माणसं आत जाण्याजोगं करायला जे जे लागेल ते सगळं एकाच अंदाजपत्रकात बसायचं. इतकी वर्षं जे दार उघडत नव्हतं, ते एका फांदीने उघडलं होतं. कळवायचं पत्र तिने सांगितलं, मी टाइप केलं. आमच्या फोटोग्राफरने पडलेल्या झाडाचे फोटो काढले. पाहणी अधिकारी मात्र लगेच येणार नव्हते. वादळाने इतर विद्यापीठांचीही पडझड केली होती, आमचा नंबर पुढच्या आठवड्यात.

रात्री जेवताना वहिनीने दादाला बजावलं. "पाहणी होईपर्यंत फक्त ताडपत्री. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"माझ्याकडे बघून सांगा."

"अगं, नाही लावत म्हटलं ना! मी काय लहान आहे?"

दादाने ताडपत्री टाकली. वाऱ्याने उडाली. परत टाकली, परत उडाली. पाऊस थांबत नव्हता. मग बहुतेक त्याच्याने राहवलं नाही. वहिनी त्या आठवड्यात आवाराच्या दुसऱ्या टोकाला, पडलेल्या भिंतींच्या मागे होती. तिला पत्ता लागला नाही, आणि मला तर कोणी काही सांगतच नाही.

पाहणी अधिकारी आले. सभ्य गृहस्थ, चिखलाने भरलेले बूट, डोळ्यांखाली काळं. वहिनी त्यांना घेऊन गोल खोलीकडे निघाली, मी कागद घेऊन मागे. लांबूनच मला वाटलं, काहीतरी चुकतंय. जवळ गेलो. झाड तोडून नीट रचून ठेवलेलं. छपरावर कौलं जिथल्या तिथे, एका ओळीत. दादा शिडीवरून उतरत होता, अंगभर भुसा.

अधिकाऱ्यांनी फोटो बघितले, वर बघितलं, पुन्हा फोटो बघितले. "बाई, नुकसान कुठे आहे?"

वहिनी वर एकेक कौल बघत होती.

"वासे बदलले, साहेब," दादा म्हणाला. "जुन्या गोदामातले पडून होते. कौलंही तिथलीच. खर्च काही नाही."

खर्च काही नाही! हे तो कौतुकाच्या अपेक्षेने सांगत होता.

अधिकारी भले होते. त्यांनी वहिनीचा चेहरा पाहिला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "ही दुरुस्ती तात्पुरती असेल. पाणी आत येऊ नये म्हणून केलेली. तसं असलं तर प्रस्ताव उभा राहतो. तात्पुरतीच आहे ना?"

वहिनीने दादाकडे पाहिलं. मीही पाहिलं. मी तर त्याच्याकडे बघून होकाराची मान हलवत होतो, आता मान तुटते की काय इतकी.

"तात्पुरती?" दादा म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला. "साहेब, वर चढा. नाचा हवं तर. मी मरेन, पण हा वासा हलणार नाही!"

अधिकारी वर चढले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, वहिनीला नमस्कार केला आणि पुढच्या इमारतीकडे गेले.

त्यानंतर वहिनी दादाशी बोलेना. घर लहान, त्यामुळे सगळी वाहतूक माझ्यावरून व्हायची. "भावजी, तुमच्या दादाला सांगा, जेवण वाढलंय." दादा समोरच बसलेला. "अरे, तुझ्या वहिनीला सांग, मला भूक नाही." "भावजी, सांगा, भूक नसली तरी बसा. अन्नावर कशाला राग?" पुतणी तेव्हा लहान होती, तिला हा खेळ वाटायचा आणि ती टाळ्या वाजवायची.

असंच एकदा जेवताना दादाने हात थांबवला आणि माझ्याकडे न बघता, सरळ तिला म्हणाला, "तू जिथे उभी राहून गायचीस ना, तिथेच धार लागली होती. बरोब्बर तिथे. फळ्या फुगायला लागल्या होत्या. मी काय बघत बसू?"

वहिनी उठली आणि त्याच्या पानात आणखी वाढलं. मग आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

खोली वाचली, पण बंदच राहिली. वायरी आणि गिलावा परत यादीत. वर्ष संपायला आलं तसं कुलसचिवांकडून पत्र आलं: छप्पर उत्तम असल्याने आणि जागा कोरडी असल्याने फायलींसाठी खोली योग्य आहे. ते पत्र वाचून वहिनी हसली. मला वाटलं रडेल. "भावजी," ती म्हणाली, "इतकं चांगलं काम कोणी करतं का हो?"

फायली यायच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दादा आमच्या कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला. "चल जरा," तो वहिनीला म्हणाला. मला नाही म्हणाला, पण मी गेलो.

गोल खोलीच्या पायऱ्यांपाशी तो म्हणाला, "किल्ली आहे माझ्याकडे."

"पाटी माझी आहे," वहिनी म्हणाली. "मीच आत गेले तर उद्या कोणाला अडवू?"

"वाटलंच होतं." त्याने हत्यारांची पेटी उघडली. "मग ही काच बघ. सैल झालीये. पडून कोणाला लागायची. ही तर तुझ्या परवानगीशिवाय काढता येते ना?"

"किरकोळ दुरुस्ती," वहिनी म्हणाली. "येते."

काच मुळीच सैल नव्हती. त्याची स्वतःची होती ती, त्या तीन दिवसांतली. काढायला त्याला घाम फुटला. शेवटी ती निघाली आणि खिडकीत चौकोनी अंधार उरला. आतून बंद जागेचा आणि लाकडाचा वास आला. खाली जमीन दिसत होती, कोरडी, सपाट.

वहिनी वरच्या पायरीवर चढली, दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरली आणि आत तोंड करून एक ओळ म्हणाली. वर्षानुवर्षं गायली नव्हती, आवाज चिरकला. ती थांबली. आणि मग खोलीतून ती ओळ फिरून आली, चिरकलेपण कुठेतरी आत टाकून. वहिनीने डोळे मिटले.

मी माझ्या नेहमीच्या पायरीवर बसलो. डबा आणायला विसरलो होतो.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. वहिनी डोळे पुसत म्हणाली, "झालं. बसवा आता काच."

दादाने पुट्टीचा गोळा तळहातावर घेतला, अंगठ्याने दाबून बघितला आणि मान हलवली. "नाही गं. फार ओली आहे अजून," तो म्हणाला. "तू म्हण आणखी एक."