तळहाताची पसंती

शनिवारी बॉयलरवाले काका रेकॉर्डच्या दुकानात शिरले, की दुकानदार मनात म्हणे, आला डोक्याला ताप. चाळीस वर्षं बॉयलरचा पत्रा ठोकून काकांचे कान पार गेलेले, आणि नाद कशाचा, तर हेवी मेटलचा. ते आवाज पूर्ण वाढवायला लावत, स्पीकरवर तळहात टेकत आणि म्हणत, "दम नाही. ठेव परत." 'संग्रहात हवेतच' म्हणून दुकानदाराने भिंतीवर लिहिलेल्या दहा अल्बमांपैकी सात त्यांनी असेच नाकारले. बहिऱ्या माणसाने आपल्याला शिकवावं, हे त्याला सहन होईना.

काकांची जिरवायचीच म्हणून एका दुपारी त्याने कानांत कापूस कोंबला आणि दहाही अल्बम तळहाताने ऐकले.

आता भिंतीवर तीनच नावं आहेत. कारण विचारलं, की तो खेकसतो.