ऐंशी किलोंची साईडकार

मेजरांना नवी वस्तू नवी राहिलेली बघवत नसे. घरात स्टीलचा डबा आला तरी तो दोन-चार ठिकाणी चेपल्याशिवाय त्यांना आपला वाटत नाही, असं काकी म्हणायच्या. बायका नवऱ्याबद्दल थोडं वाढवून सांगतातच, म्हणून मी ते मनावर घेतलं नव्हतं. मग एका रविवारी मेजर अंगणात पाटावर बसून, शोरूममधून आठच दिवसांपूर्वी आणलेल्या कोऱ्या करकरीत मोटारसायकलची टाकी पॉलिश पेपरनं घासताना दिसले. काकी दारात उभ्या होत्या. "नवी-जुनी भांडी घासून चकाचक करण्यात माझा जन्म गेला," त्या मला म्हणाल्या, "आन् हे बघा बाई, नवं घासून जुनं करत्यात!"

तासगावजवळच्या त्या गावात मी हायस्कूलला गणित शिकवायला गेले आणि त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहिले. मेजर हे काही खरे मेजर नव्हेत. आमच्या भागात फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, मग तो काहीही का असेना. हे तर फौजेच्या लंगरात, म्हणजे जवानांच्या भटारखान्यात, स्वयंपाकी होते. त्याचा त्यांना भलताच अभिमान. "बंदुकीनं दुश्मन मरतोय, बाई," ते सांगायचे, "पण बंदूक धरणारा जेवणाबिगर मरतोय." मात्र निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात एकदाही कालथा हातात धरला नाही.

ती मोटारसायकल म्हणजे हल्ली जुन्या धर्तीच्या म्हणून मिळतात त्यातली होती. रूप आजोबांचं आणि आतलं यंत्र नातवाचं. तरुण पोरं त्यावर फिदा असतात, पण मेजरांना तिचं एक मोठं दुःख होतं. बटण दाबलं की ती पहिल्या झटक्यात चालू व्हायची. "दोन लाथा मारल्याबिगर चालू झाली तर ती गाडी कसली? मिक्सरच की!" किक तर तिला नव्हतीच. मग मेजरांनी त्यावर उपाय काढला. अंगठ्यानं बटण दाबायचं आणि त्याच क्षणी उजवा पाय हवेत जोरात झटकायचा. समोरून बघणाऱ्याला वाटायचं, मेजरांनी काय सणसणीत किक मारली! माझी विजेवर चालणारी स्कूटी होती. तिला ते "मुकी" म्हणायचे आणि तिच्याकडे दयेनं बघायचे.

पगाराला जसा महिना असतो तसा त्यांच्या गाडीला दर महिन्याला काहीतरी नवीन म्हणजे जुनं लागायचं. तारांची चाकं आली. दिव्याला टोपी आली. कोल्हापुरी चपला शिवणाऱ्याकडून दोन चामडी पिशव्या शिवून आणल्या. त्या नव्या चपलेसारख्या इतक्या करकरायच्या की मेजर येताहेत हे इंजिनाच्या आधी पिशव्या सांगायच्या. रंग फौजी हिरवाच हवा होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरनं तो दिला खरा, पण हौसेनं मागच्या बाजूला दोन गुलाब आणि एक मोर काढून ठेवला. मेजर आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पुढे मोर त्यांना आवडायला लागला.

एवढं सगळं करून गाडी कधी तिसाच्या पुढे गेली नाही. उसाच्या ट्रॉल्या त्यांना मागे टाकून जायच्या. एकदा तर शेळ्यांचा कळप पुढे निघून गेलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "शेळ्यास्नी घाई होती."

पण या सगळ्या खटाटोपाचं मूळ होतं साईडकार. त्यांच्या युनिटच्या आवारात एक जुनी साईडकारची मोटारसायकल शोभेला ठेवलेली होती. रोज चहाची किटली घेऊन तिच्यासमोरून जाताना मेजर ठरवायचे की एक दिवस अशी गाडी घ्यायची आणि बाजूला हिला बसवायचं. काकींनी ते फौजेत असताना एकटीनं रान सांभाळलं, सासू-सासऱ्यांचं केलं, आणि बाजार, दवाखाना, लग्नंकार्यं सगळीकडे एसटीनं गेल्या. "सतरा वर्सं ही एष्टीत उभी राहून फिरली, बाई," एकदा ते मला म्हणाले. "आता तिनं बसून फिरावं. पाय पसरून. येवढंच मला बघायचंय."

माधवनगरच्या एका मिस्त्रीनं साईडकार बनवून द्यायचं कबूल केलं आणि तिथेच घोटाळा झाला. स्प्रिंगा किती कडक ठेवायच्या हे ठरवायला मिस्त्रीनं विचारलं, बसणाऱ्या माणसाचं वजन किती? मेजरांनी आयुष्यभर गव्हाची पोती अंदाजानं जोखली होती. त्याच अंदाजानं, भर गॅरेजात, दहा माणसांसमोर त्यांनी सांगितलं, "ऐंशी किलो."

ही बातमी साईडकारच्या आधी गावात पोचली. पिठाच्या गिरणीत कुणीतरी काकींना हसत हसत विचारलं, "व्हय वो काकी, ऐंशी का?"

साईडकार आली तेव्हा अंगणात हार, हळद-कुंकू, नारळ अशी सगळी तयारी होती. मेजरांनी रुमालानं सीट पुसली. काकी उंबऱ्यातून हलल्या नाहीत.

"माझं वजन माधवनगरला सांगून आलाय न्हवं?"

"आगं, स्प्रिंगासाठी…"

"मग ऐंशी किलोचं पोतंच बसवा त्यात. मी न्हाई बसायची."

मेजर आज्ञापालनात वाढलेले. त्यांनी खरोखरच चाळीस-चाळीस किलो वाळूची दोन पोती साईडकारमध्ये ठेवली. रिकामी साईडकार वळणावर वर उचलली जाते हे खरं कारण होतंच, पण गावाला त्याच्याशी काय देणंघेणं? "मेजर जोडीनं निघाले," लोक म्हणायचे. काकींच्या कानावर ते गेलं आणि समेटाची उरलीसुरली आशाही गेली.

पुढची तीन वर्षं त्या साईडकारमध्ये काकी सोडून सगळे बसले. द्राक्षांचे क्रेट बसले, गणपती बसला, स्वातंत्र्यदिनाला आमचे हेडमास्तर बसले. शेजारच्या पाटलांच्या मुलाची वरात तिच्यातून निघाली. सीट इतकी खोल होती की नवरदेव दिसेना, नुसतं बाशिंग गावभर फिरून आलं. प्रत्येक फेरीनंतर मेजर पोती परत आत ठेवायचे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघायचे. मला त्यांची दया यायची. मी मध्यस्थी करायला गेले की काकी म्हणायच्या, "बाई, तुमी गणिताच्या. तुमीच सांगा, मी ऐंशीची दिसते का?" यावर शहाण्या भाडेकरूनं जे उत्तर द्यावं तेच मी देत असे.

एका सकाळी मेजरांनी गाडी धुतली. साबणाचं पाणी अंगणात तसंच राहिलं आणि त्यावरून काकी घसरल्या. पाय मोडला. सांगलीच्या दवाखान्यात मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. मेजर बाहेरच्या बाकावर बसून होते. तीन दिवस त्यांनी दाढी केली नाही, आणि ते फौजीच्या बाबतीत फार झालं. "गाडी इकून टाकतो," ते एकसारखं म्हणत होते. चौथ्या दिवशी घरी सोडलं, तर नवीनच अडचण उभी राहिली. तो पाय वाकत नव्हता. तो रिक्षात मावेना. हेडमास्तरांच्या छोट्या गाडीत मागे आडवं बसवून पाहिलं, तर दार पायावर आपटायला लागलं. डॉक्टर म्हणाले, अँब्युलन्स घ्या. काकी उसळल्या. "अँब्युलन्समधनं गेले तर गावाच्या येशीपासनं बायका रडाय लागतील! वैरणीच्या टेम्पोतनं जाईन, पर त्यातनं न्हाई."

आता पाय लांब पसरून बसता येईल असं एकच वाहन बाहेर झाडाखाली उभं होतं. ते आहे असं म्हणायची मात्र कुणाची छाती होईना. मेजरांची तर नाहीच.

काकींनी नर्सला हाक मारली. "सिस्टर, माझं वजन करा. प्लास्टर धरून करा. आन् ह्यास्नी मोठ्यानं सांगा."

सिस्टरनं आणि मी दोघींनी धरून त्यांना काट्यावर उभं केलं. "एकाहत्तर," सिस्टर म्हणाली.

"ऐकलं?"

"ऐकलं," मेजर म्हणाले. आणि त्या माणसानं, दवाखान्याच्या भर कॉरिडॉरमध्ये, दोन्ही हातांनी कान पकडले.

काकींनी पदर खोचला. "चला मग. ती पोती काडा आधी."

मी मुकीवरून मागे मागे होते. त्यामुळे सांगलीपासून गावापर्यंतचा सगळा सोहळा मला बघायला मिळाला. पांढरा पाय पुढे तोफेसारखा रोखलेला, बाजूला मेजर ताठ बसलेले. स्प्रिंगा ऐंशी किलोंच्या, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला काकी वीतभर वर उडत होत्या. आणि दर वेळी वर गेल्या की ओरडायच्या, "बघा! ऐंशीची असते तर उडाले असते का?" मेजर म्हणायचे, "न्हाई गं, न्हाई!" वेशीवर निम्मं गाव जमलं होतं. काकी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एकाहत्तर! प्लास्टर धरून!" मी इतकी हसले की स्कूटी थांबवावी लागली.

त्यानंतर काकींशिवाय साईडकार कधी हलली नाही. बाजार, लग्नं, हळदीकुंकू, आणि काही काम नसेल तर नुसताच एक फेरा. मेजरांच्या मागे लागून मीही ती गाडी शिकले. "पडायचं भ्या न्हाई, बाई. तीन चाकं हायती. आन् मुकी इकून टाका आता." मी विकली.

गेल्या वर्षी मेजर गेले. संध्याकाळचा फेरा झाला, चहा घेतला आणि खुर्चीतच मान कलली. मला अजून कधीकधी पिशव्यांची करकर ऐकू आल्यासारखी वाटते. मला त्यांची फार आठवण येते, हे इथे लिहूनच टाकते.

आता काकींना बाजारला मी नेते. त्या खूप खंगल्या आहेत. हलक्या झाल्यामुळे खड्ड्यांत फारच उडतात. मागच्या आठवड्यात मी म्हटलं, "काकी, मिस्त्रीकडून स्प्रिंगा मऊ करून घेऊ या का?"

"काय नको," त्या म्हणाल्या. "ह्यांनी ऐंशी सांगितलंय न्हवं? मग ऐंशीच राहू द्या." थोड्या वेळानं त्यांनीच मला गिरणीत नेलं आणि स्वतः काट्यावर उभ्या राहिल्या. पंचावन्न भरल्या. "तुमी गणिताच्या. सांगा, किती कमी पडलं?"

मी पंचवीस किलो वाळू पिशवीत भरली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. त्यांनी पाय पसरले, पदर खोचला. "आता बराबर हाय. चला."

मी बटण दाबलं आणि उजवा पाय हवेत जोरात झटकला.