शेजाऱ्यांचा आवाज, आमचा स्पीकर

पहिल्याच दिवशी मी स्पीकरचा समजून जो प्लग उपटला, तो फ्रीजचा निघाला. आवाज चालूच राहिला, आणि सकाळी फ्रीज उघडला तर इडलीचं पीठ फुगून खालच्या कप्प्यातल्या कोथिंबिरीवर उतरलेलं.

आवाज होता शेजारच्या बंगल्यात नव्याने राहायला आलेल्या गृहस्थांचा. त्यांच्याकडे हॅम रेडिओचा, म्हणजे घरबसल्या बिनतारी संचावरून गप्पा मारायचा परवाना, हाताने जोडलेला सेट आणि त्यांच्या गच्चीपासून आमच्या जांभळापर्यंत ताणलेली तार. तारेला परवानगी मीच दिली होती; मला वाटलं, कपडे वाळत घालणार असतील. संध्याकाळी ते कोल्हापूरच्या मित्राशी बोलू लागले, की टीव्ही बंद असला तरी आमचा स्पीकर त्यांच्या आवाजात बोलायचा. मित्राचं बोलणं मात्र यायचं नाही.

"आज खंडाळ्याकडून असं धुकं उतरलंय, शेजारचं घरसुद्धा दिसत नाही."

"अगंबाई, आपलं घर!" बायको तव्यावरची पोळी सोडून धावत बाहेर आली. पोळी करपली.

आमच्या नात्यागोत्यात बारसं असो की साखरपुडा, गोष्टी सांगायला मीच लागतो. पण चोवीस वर्षांत माझ्या गोष्टीपायी एकही पोळी करपलेली नव्हती.

पुढे ती रोज मेथी निवडायला स्पीकरजवळच बसू लागली. मी कामशेतच्या मामांची गोष्ट काढली, की म्हणायची, "थांबा हो, त्यांच्या मित्राच्या मुलीचं लग्न ठरलं का ते ऐकू दे."

शेवटी मी भांडायला गेलो. ते बिचारे ओशाळलेच. लगेच रेडिओच्या लहरी अडवणारं एक काळं कडं घेऊन आले, स्पीकरच्या वायरचे सात-आठ वेढे त्यातून घेतले, वर चहातल्या आल्याचं कौतुक करून गेले. घरून रेडिओवर बोलून पाहिलं आणि मला फोन केला, "येतोय का आवाज?"

स्पीकर मुका.

"नाही!" मी म्हणालो. लेकाचा दहावीचा निकालही मी इतक्या आनंदाने कुणाला सांगितला नव्हता.

मग खुर्ची ओढून बायकोसमोर बसलो आणि मामांची गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगितली. ती मान खाली घालून मेथी निवडत राहिली.

शेवटी विचारलंच, "एवढा आवडायचा त्यांचा आवाज?"

"आवाज कसला, नाकात तर बोलतात," ती म्हणाली. "पण 'दिवस कसा गेला' असं विचारून गप्प बसायचे. तेवढ्यात मी माझा सांगून घ्यायचे."