मोपामार्गे तारकर्ली: विमान परत फिरतं तेव्हा

आईला विमानात बसवायचं, हा हट्ट माझ्या धाकट्या बहिणीचा, मुग्धाचा. ती को-पायलट. तारकर्लीला मामाकडे जायचं ठरलं तेव्हा तिने बेत आखला: जाताना आम्ही तिघं प्रवासी म्हणून गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरू, परतीचं विमान मात्र ती चालवेल आणि आई मागे बसेल. तारकर्लीत जन्मलेली आई एवढंच म्हणाली, "मशीनच सगळा करता म्हणतंस, मगे तू थंय बसान काय करतंस?"

मुंबईहून निघताना मुग्धा समजावत होती. इंजिनांची ताकद सांभाळणारी यंत्रणा म्हणजे ऑटोथ्रॉटल. पायलटने बटण दाबलं की पॉवरचे दांडे आपोआप ठरलेल्या जागी सरकतात. धावपट्टीवर वेग आला की तिच्या विमानात ही यंत्रणा होल्डवर जाते, म्हणजे दांडे चक्क सोडून देते. बिघाड झाला तरी ऐन वेळी त्या यंत्रणेला ताकद कमी करता येत नाही. कॅप्टनचा हात मात्र दांड्यांवर असतो, कारण थांबायचं की नाही ते त्याने ठरवायचं. थांबण्याची वेळ टळली की तोही हात काढून घेतो. मी तर ऐकून थक्क झालो. आईने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

मोपावर ढग खाली उतरले होते. आता पोहोचलोच असं वाटत असताना इंजिनं गरजली, पाठ सीटला चिकटली आणि विमान पुन्हा वर. आईने माझ्या मनगटात नखं रुतवली.

"गो-अराउंड," मुग्धा शांतपणे म्हणाली. "धावपट्टी दिसली नसेल. उड्डाणाला दाबतात तेच बटण असतं. एकदा दाबलं की वर चढायला पुरेल एवढी ताकद, पुन्हा दाबलं की पूर्ण."

दुसऱ्या खेपेला अलगद उतरलो. आईने निकाल दिला, "येताना मी ट्रेनीन येतलंय."

मोपाहून बांदा, कुडाळ, मालवण असे टॅक्सीने दोन-अडीच तास धरा, आणि भाडं बसण्याआधी ठरवा. रस्ता झकास होता, पण आई ड्रायव्हरला ट्रेनच्या वेळा विचारत होती. मामीच्या बांगड्याच्या तिखल्याने आणि सोलकढीने जरा जीव आला.

सकाळी मामाने होडीतून फिरवलं. देवबागला खाडीत शिरताना मागून मोठी लाट उठली. मामाने इंजिन वाढवून होडी पुन्हा समुद्राकडे वळवली, लाट जाऊ दिली, मग आत शिरला. माझी तंतरली होती. आई शेंगदाणे खात बसली होती.

"तुला भीती नाही वाटली?" मुग्धाने विचारलं.

"कित्याक? तो फिरलो नसतो तर भियाचा," आई म्हणाली, आणि एकदम मुग्धाकडे वळली.

तेव्हा मुग्धा मनातलं बोलली. "यंत्र ताकद देतं, आई. पण उतरवायची पाळी माझी असली की परत फिरायचं ते मीच ठरवायचं. तू मागे बसलेली असताना माझा हात कचरला तर? तुला घाबरवायचं नाही म्हणून तशीच उतरवायला गेले तर?"

दुसऱ्या दिवशी मुग्धा ड्युटीसाठी मुंबईला परत निघाली, तेव्हा आई तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेली. "मी येतंय तुझ्या इमानात," ती म्हणाली. "पण मी मागे बसलंय म्हणान उतरू नको. फिरूचा वाटला तर फिर."

परतीच्या दिवशी मुग्धा विमान घेऊन मोपाला आली. आभाळ स्वच्छ होतं. मुंबईत विमान सरळ उतरलं. उतरवण्याची पाळी मुग्धाचीच होती.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. तारकर्लीचं निळं पाणी आठवतं, पण त्याहून जास्त आठवतं ते परतलो त्या संध्याकाळचं जेवण. मुग्धा जरा ओशाळूनच म्हणाली, "आई, उतरताना तू मागे आहेस हे मी साफ विसरले होते."

मला वाटलं, आईला लागेल.

"बरा केलंस," आई म्हणाली, आणि सुरमईची सगळ्यात मोठी तुकडी तिच्या ताटात वाढली.