निळं कोकम

त्या मे महिन्यात पीएचडीचं शेवटचं प्रकरण घेऊन मी नागावला घरी आले होते. अंगणात आई आमसुलं वाळत घालायची आणि मी ओटीवर लॅपटॉप मांडून त्याच कोकमाच्या लाल रंगाचं गणित करायचे. रेणूवर प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. पायरी किती उंच, त्यावर रंग ठरतो. ती उंची संगणकाकडून काढून घ्यायची, एवढंच माझं काम. पण माझं मेलं कोकम दरवेळी निळं यायचं!

मी तीन पद्धती बदलून पाहिल्या. शेवटी माझ्या गाइड सरांना फोनवर ठणकावलं, या पद्धतीच कुचकामी आहेत. सर शांतपणे म्हणाले, "सोमवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर हे प्रकरण वगळू." सहा महिन्यांची मेहनत पाण्यात जाणार होती. फोन ठेवला आणि मला रडूच कोसळलं.

"काय झालं गो?" आईने विचारलं.

"तुला नाही कळायचं," मी खेकसले. तिने कामाबद्दल काहीही विचारलं की माझं हेच उत्तर असायचं.

तरातरा उठले, तर आईच्या कोकमाच्या रसाच्या पातेल्याला पाय लागला. पांढऱ्या कुर्त्यावर लाल शिंतोडे उडाले. रागारागाने मोरीत जाऊन साबण चोळला, तर डाग निळा झाला. आई मागोमाग अर्धं लिंबू घेऊन आली.

"साबण कशाला लावलास? आंबट गेलं की कोकम निळं पडतं, माहीत न्हाय तुला?"

तिने लिंबू पिळलं. डाग परत लाल झाला.

मी ओल्या कपड्यांनीच ओटीवर धावले. आंबटात हा रेणू एक जादा प्रोटॉन धरून असतो. रेणूवर भार नको, गणित सुटसुटीत होईल, म्हणून पहिल्याच दिवशी तो मीच काढून टाकला होता. नाचता येईना, अंगण वाकडं! पद्धतींना उगाच शिव्या घातल्या.

प्रोटॉन परत जोडला. रविवारी दुपारी उत्तर आलं: लाल. सरांच्या आधी मी आईला गाठलं आणि पहिल्यांदाच तिला सगळं सांगितलं, इलेक्ट्रॉन, पायरी, माझी चूक. ती आमसुलं उलटत ऐकत होती.

"म्हणजे सहा महिने तू आंबट काढून कोकम करत होतीस?"

"व्हय."

"मग मला विचारायचंस ना गो. मी इथेच होते."