नाकाबंदीत मी कायदा बोलले, पण फक्त स्वतःपुरता

मंडळी, आज सकाळी हडपसरला नाकाबंदीत मला थांबवलं. स्कूटरच्या डिकीत बाबांच्या बायोप्सीचा सीलबंद डबा होता. तो लॅबमध्ये पोचवायचा होता.

लायसन्स, कागदपत्रं सगळं दाखवलं. तरी हवालदारांनी किल्ली काढून घेतली आणि डिकी उघडली.

"हा डबा उघडा."

सॅम्पल खराब झालं तर बाबांना पुन्हा ऑपरेशन टेबलवर झोपावं लागणार. मी म्हणाले, "अहो, संशय कशाचा आहे ते आधी सांगा. झडती घ्यायची तर पंच बोलवा, पंचनामा करा. तोवर मी सील तोडू देणार नाही."

"आम्हाला कायदा शिकवू नका."

तेवढ्यात फौजदार बाई आल्या. त्यांनी डब्यावरचं लेबल वाचलं, माझ्या गळ्यातलं आयटी कंपनीचं ओळखपत्र पाहिलं आणि किल्ली परत दिली. "जा तुम्ही."

शेजारी एका गवंड्याची पिशवी रस्त्यावर रिकामी केली होती. थापी, कपडे तो मुकाट्याने गोळा करत होता. त्याला कुणी कारण सांगितलं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी स्कूटर सुरू केली.

डबा वेळेत पोचला. पण दिवसभर कामात लक्ष लागलेलं नाही. तुम्ही त्याच्यासाठी थांबला असता का? खरं सांगा.